नावाची जागा

कडुलिंब फुलला की माझी बोटं चुळबुळ करायला लागतात. यंदाही फुलला. सकाळी अंगणात बसलो, तर ती बारीक पांढरी फुलं टोपीवर, बाजेवर, चहाच्या बशीत. फुलासकट चहा प्यालो, कडू काही लागला नाही. शेतातल्या पऱ्हाट्या उपटून बांधाला रचून झाल्या, हरभरा घरात आला, आणि दुपारी पत्रे असे तापतात की कावळासुद्धा एक पाय वर धरून बसतो. अमडापूरच्या विहारापासून स्टँडपर्यंत निळ्या पताका लागल्या. म्हणजे आमचा हंगाम आला.

शेतकऱ्याला खरीप असतो, रब्बी असते. मला चैत आणि वैशाख एवढंच पीक. आधी बापाची जयंती, ज्यानं आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं त्या बापाची. मग बुद्धपौर्णिमा. आणि मधल्या दिवसांत गावोगाव पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम. घरातलं माणूस गेलं की त्याच्या आठवणीसाठी मांडव घालून गाणी ठेवतात, ते. आमची गायन पार्टी लहान. माझी धाकटी बहीण सुमन गाते, तिचा पोरगा राजू ढोलकी वाजवतो, मी बेंजो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला तो तारांचा बाजा. मी चौथीत शाळा सोडली ती या बाजासाठीच, आणि मला त्याचा पस्तावा नाही.

आज खोळीतून काढला तर डाव्या हाताची बोटं नको म्हणाली. बुलढाण्याचा डॉक्टर म्हणतो, बाबा, सांधे झिजले. मी म्हटलं, सांधे झिजले असतील, मी नाही झिजलो. तारा पुसल्या, सुरात आणल्या. आणि पहिला सूर निघाला तसा मला तो हंगाम आठवला. मिरेकचा.

तोही असाच फुलांचा दिवस होता. चिखलीच्या बसमधून राजू उतरला आणि त्याच्या मागं वाकून, डोकं सांभाळत एक गोरा माणूस. पाठीवर काळी पेटी. पन्नाशीचा असेल. भुवया पिवळ्या, नाक उन्हानं सोललेलं. राजू तेव्हा पुण्याच्या एका हॉटेलात वाढप्याचं काम करायचा आणि जयंतीला सुटी घेऊन घरी यायचा. हा मिरेक त्याच हॉटेलात गिटार वाजवायचा.

सुमन दारात आली, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, “दादा, हा जेवते काय आपल्यातलं?”

“मानूसच हाय तो. जेवते.”

“तिखट?”

“शिकंल.”

मी राजूला विचारलं, “कुठला बे हा?”

“पोलंडचा, मामा.”

“ते कुठी आलं?”

“थंडीत.”

एवढं मला पुरलं. त्या माणसानं भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि परत ठेचा मागितला. तिथंच मी ठरवलं, हा हट्टी आहे, याचं आपलं जमेल.

त्याच्या आयुष्याची गोष्ट मला तुकड्यांनी कळली. तो भटारखान्यात शिकलेलं हिंदी बोलायचा, उरलेलं राजू जोडायचा. कोळशाच्या खाणीचं गाव. मामानं गिटार हातात दिली. गावातल्या एका तळघरात ते लोक जॅझ वाजवायचे. जॅझ म्हणजे काय, मी विचारलं. तो म्हणाला, एक गाणं घ्यायचं, सगळ्यांनी मिळून वाजवायचं. मग एकजण गाणं सोडून एकटाच कुठं कुठं फिरून येतो, बाकीचे त्याची वाट पाहतात, आणि तो परत आला की पुन्हा सगळे मिळून. म्हटलं, म्हणजे आमच्या मोठ्या काकासारखं. तोही असाच घर सोडून जायचा. राजूनं त्याला सांगितलं तसा तो एवढा हसला की बाज करकरली.

तिथं पोट भरेना म्हणून तो देश सोडून निघाला. आधी मोठ्या जहाजावर, मग जर्मनीत, मग दुबईत, मग पुण्यात. काम सगळीकडं एकच. लोक जेवत असताना कोपऱ्यात बसून वाजवायचं. गिटार चांगली लागली आणि कोणी मान वळवली की मॅनेजर येऊन कानात सांगायचा, आवाज कमी, साहेब लोक बोलत आहेत. मला हे ऐकून नवल वाटलं. आमच्यात वाजवणारा ऐकू आला नाही तर लोक ओरडतात. या माणसाला सगळ्या दुनियेनं ऐकू न येण्यासाठी पगार दिला. आणि तेही त्या वर्षी संपलं. हॉटेलवाल्यांनी छताला स्पीकर लावले आणि याला हात जोडले.

मिरेकचा भाऊ घरांना फरशी बसवायचं काम करतो. त्यानं सांगितलं होतं, ये परत, माझ्या हाताखाली लाग. पौर्णिमेनंतरचं विमानाचं तिकीटही काढून ठेवलं होतं. गिटार पुण्यातला एक विद्यार्थी घेणार होता. जायच्या आधी हिंदुस्थानातलं एक खेडं पाहू म्हणून हा राजूबरोबर आलेला.

मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही. मी त्याला म्हटलं, “पौर्णिमेच्या कार्यक्रमाला विहारासमोर तू माझ्या उजव्या बाजूला बसशील. तिथं लोक जेवत नाहीत, ऐकतात. त्याच्यानंतर ठरव, फरशी का गिटार.” आणि हे मी चौकातही चारचौघांना सांगून आलो. एकदा चौकात सांगितलं की मला मागं फिरता येत नाही. सुमन म्हणाली, “दादा, तुम्ही आधी बोलता अन् मग आमच्या जिवाले लावता.”

त्या दुपारी अजून माझ्या अंगावर आहेत. लिंबाची सावली, खाली सतरंजी, मधमाश्यांचा आवाज वर झाडात आणि खाली आमचा. घरातून कैरीच्या डाळीचा वास. बेंजोचा आवाज कसा, पत्र्यावर गारा पडल्यासारखा, टणटण. त्याच्या गिटारचा आवाज खोल विहिरीत कोणी बोलावं तसा. मी वरून जायचो, तो खालून यायचा. माझ्यापेक्षा त्याला जास्त येत होतं. हे मी लिहून देतो कारण खरं आहे. त्याला तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “शब्द आले की दबून वाजव. लोक शब्दांसाठी येतात.” तो दबायचा. दबण्यात त्याचा हात कोणी धरू शकला नसता.

आता एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं. पुण्यानुमोदनाच्या गाण्यात एक कडवं असं असतं की त्यात गेलेल्या माणसाचं नाव येतं. नाव यायच्या आधी सगळे बाजे थांबतात. ढोलकी थांबते, बेंजो थांबतो. सुमन एकटी, तालाशिवाय, ते नाव घेते. मग राजूची थाप पडते आणि गाणं पुढं निघतं. याला आम्ही नावाची जागा म्हणतो. आणि दुसरी रीत, गेलेल्या माणसाचं नाव तालमीत घ्यायचं नाही. ते त्याच्या घरच्यांसमोरच पहिल्यांदा निघालं पाहिजे. म्हणून तालमीत ते कडवं आम्ही न थांबता सरळ वाजवत नेतो. जागा सोडतच नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही, आमच्यातलं पोर आईच्या मांडीवर बसून शिकतं.

रोहिणखेडचा कार्यक्रम आला. बुलढाण्याहून बस घाट उतरली की हवा बदलते, घाटाखालचं ऊन अंगाला चिकटतं. गयाबाई नावाची बाई वर्षापूर्वी गेली होती. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली. तिची पोरगी वंदना अंगणवाडीत सेविका. मांडवात शिरताच तिनं सुमनचा हात धरला.

“मावशी, माह्या मायचं नाव एकडाव माइकवरून येऊ द्या. तिले कोनी नावानं हाकच नाई मारली. हिची माय, त्याची बायको, नाई तं ए बाई. तिले सोताले तरी याद होतं का नाई, काय माईत.”

“येईन बाई,” सुमन म्हणाली. “त्याच्यासाठीच आलो आम्ही.”

दुपारची वेळ, मांडव भरलेला, कूलरचा गारवा पुढच्या दोन रांगांनाच. वंदना समोर बसली, मोबाइल धरून, नाव साठवून ठेवायला. गाणं चांगलं चाललं होतं. मिरेक माझ्या बाजूला, डोळे मिटून. कडवं आलं. राजूचा हात थांबला, माझा थांबला. सुमननं श्वास घेतला.

आणि मिरेक सुटला.

मी तसं वाजवणं आयुष्यात ऐकलं नाही. बोटं दिसत नव्हती. सूर पाण्यासारखे वर चढले, गरकन फिरले, खाली आले, परत चढले. सुमननं नाव घेतलं असेल. तिचे ओठ हलताना मी पाहिले. नाव मलाच ऐकू आलं नाही, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. मागून शिट्टी आली. कोणीतरी ओरडलं, “वा रे गोऱ्या!” वंदनानं मोबाइल खाली केला आणि मांडीवर उलटा ठेवला.

मिरेकनं डोळे उघडले तेव्हा तो हसत होता. असं हसू मी त्याच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीकडं तोंड करून बसली. बुलढाण्याच्या स्टँडवर उतरलो आणि ती बोलली.

“दादा, हा मानूस माह्या मागं बसला तं मी पौर्णिमेले गाणार नाई. तुम्ही चौकात सांगा का दिल्लीत सांगा.”

राजू म्हणाला, “मामा, त्याले जागेचं सांगतलंच कोनं?”

“हे सांगाचं असते काय बे?” मी म्हटलं.

“त्याले पोलंडमधी कोन सांगंल मग?”

“तू चूप बस. त्याची वकिली करून राह्यला.”

वकिली तर मनातून मीच करत होतो, पण राजूसमोर कसं मान्य करू. मिरेक आमच्याकडं आळीपाळीनं पाहत होता. “दादा,” तो म्हणाला, “मैंने क्या किया?”

राजूनं त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, वंदना काय म्हणाली तेही. तो स्टँडच्या ओट्यावर खाली बसला. मग जे बोलला ते राजूनं मला असं सांगितलं. त्यांच्यात सगळे एकदम थांबले की त्याचा अर्थ, आता तू एकटा. आणि दुसरं म्हणजे, इतकी वर्षं कुठंच कोणी त्याच्यासाठी थांबलं नव्हतं. चमचे वाजत, बशा वाजत, माणसं हसत. आज डोळे मिटल्या मिटल्या त्याला कळलं, एवढा मोठा मांडव श्वास रोखून बसला आहे. त्याला वाटलं, ती शांतता आपली आहे.

भुकेल्या माणसानं दुसऱ्याच्या ताटावर बसावं, तसं झालं. त्याला ताट कोणाचं हे माहीत नव्हतं. माझा त्याच्यावरचा राग घाटातच उतरला होता. पण सुमनचंही खरं होतं, आणि त्या पोरीचं तर सगळ्यांत खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिंबाखाली बसून गिटारच्या तारा सैल करत होता. पेटीत ठेवायच्या आधी तसं करतात. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“कस त्या तारा.”

तो म्हणाला, “दादा, बस. हो गया.”

“मी सांगेन तेव्हा होईल. कस.”

कसल्या. राजूला ढोलकी आणायला लावली. मी म्हटलं, आज नावाची जागा शिकवायची. राजू म्हणाला, “पन मामा, तालमीत नाव घेत नाई ना आपन. गयाबाईचं कसं घेता?”

“तिचं कोन म्हनते? माह्यं घे.”

“मामा!”

“काऊन? मले काय नाव नाई? घाल पुंजाजी, बसते तालात.”

आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही. बापानं ते सोडायला लावलं. तरी राजू ढोलकीच्या दोऱ्याच ओढत बसला. मी डोळे वटारले तेव्हा तो गायला, माझ्या मरणाचं गाणं, माझ्याच अंगणात, लिंबाची फुलं पडत असताना. कडवं आलं. ढोलकी थांबली. मी थांबलो. मिरेकनं पंजा तारांवर दाबून धरला.

“पुंजाजी,” राजू म्हणाला.

माणसाला आपलं नाव असं ऐकायला मिळत नाही. हाक नाही, शिवी नाही, काम नाही त्याच्या मागं. नुसतं नाव, उन्हात उभं. मला वाटलं होतं थोडं भरून येईल. भरून आलं नाही. उलट पाठ ताठ झाली. एवढं एक माणूस इथं होतं, असं ते नाव म्हणत होतं, आणि ते माणूस मी होतो.

आणि त्या नावावर काहीतरी गुणगुणत होतं. मिरेकनं बोटानं दाखवलं. “दादा, आपका बाजा चुप नहीं होता.”

माझाच बेंजो. बटणावरचा हात उचलला तरी त्याच्या खालच्या तारा बराच वेळ घुमत राहतात. मी म्हटलं, तो बाजाचा स्वभाव आहे. त्यानं नुसता स्वतःचा पंजा तारांवर ठेवून दाखवला. दुसऱ्यांदा राजूनं माझं नाव घेतलं तेव्हा मी हात ठेवला. तिसऱ्यांदा नाव घेतलं तशी आतून सुमन आली, पीठ लागलेले हात घेऊन.

“काय लावलं हे दादा? जित्या मानसाचं मयत करून राह्यले! लाज नाई वाटत?”

“तालीम हाय. ऐक अन् सांग, जागा सुटते का नाई.”

ती उंबऱ्यावर बसली. डोळे पुसले ते पिठाच्याच हातांनी, तोंड पांढरं झालं. ऐकलं. मग मिरेककडं न पाहता म्हणाली, “सुटते. पन माह्या म्हनण्यानं काय होते? नाव त्या पोरीच्या मायचं गेलं. ती हो म्हनली तं बसू दे पौर्णिमेले. मले इचारू नका.”

मग आम्ही चौघं पुन्हा घाट उतरलो. मांडव नाही, माइक नाही, बोलावणं नाही. वंदना अंगणात भांडी घासत होती. आम्हाला पाहून उभी राहिली, हाताला राख तशीच.

“आता काऊन आले?”

सुमन म्हणाली, “तुह्या मायचं राह्यलं होतं, बाई.”

वंदनानं मिरेककडं पाहिलं. त्यानं हात जोडले. तिनं आतून चटई आणून टाकली आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून बसली. मोबाइल आणला नाही.

मी बेंजो लावला. शेजारच्या घरात कुकर शिट्टीवर आला होता. सुमननं गाणं धरलं, माइक नसला की तिचा आवाज जास्त खरा लागतो. मिरेक इतका दबून वाजवत होता की त्याचे सूर ऐकू येण्यापेक्षा चटईतून मांडीला लागत होते. कडवं आलं. राजूचा हात थांबला. मी पंजा ठेवला. मिरेकनं ठेवला.

“गयाबाई,” सुमननं म्हटलं.

आता थाप पडायची. राजूनं हात उचलला. आणि मिरेकनं, बाजूला वाकून, आपला हात त्याच्या ढोलकीच्या पुडीवर ठेवला. थाप दाबून टाकली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, पुन्हा मोडली यानं रीत, पुन्हा! तोंडातून शिवी निघणार तेवढ्यात मी पाहिलं तो कुठं पाहत होता.

वंदना अंगणातल्या मोकळ्या जागेकडं बघत होती. तिथं काही नव्हतं. रांजण होता, दोरीवर लुगडं वाळत होतं. कुकरची शिट्टी झाली आणि विरली. कुठंतरी चिमण्या भांडत होत्या. सुमन डोळे मिटून होती, राजूचा हात तसाच हवेत. इतकी लांब जागा आमच्या पार्टीनं कधी सोडली नव्हती. वंदनाचे ओठ हलले. आधी नुसते हलले, मग आवाज आला.

“गया,” ती म्हणाली. मग थोडं मोठ्यानं, कोणाला वावरातून घरी बोलवावं तसं, “गयाबाई.”

मग पदरानं नाक पुसलं आणि आमच्याकडं वळली. “हाव. वाजवा आता.”

मिरेकनं ढोलकीवरचा हात काढला. राजूची थाप पडली.

पौर्णिमेला तो माझ्या उजव्या बाजूला बसला. चौकातला शब्द राहिला. भावानं काढलेलं तिकीट वाया गेलं, गिटार विकली नाही. आता तो पोर्तुगाल नावाच्या देशात आहे, तिथंही परकाच. लहानशा जागेत वाजवतो, राजू सांगतो की त्या जागेत जेवण देतच नाहीत. तो मला चैतात फोन करतो. आमचं बोलणं थोडंच होतं. मी बेंजो फोनजवळ धरतो, तो गिटार. यंदा म्हणाला, बोटं कशी आहेत? मी म्हटलं, बोटांना कोण विचारतं. आज संध्याकाळी पार्टी जमणार आहे. सुमनचा आवाज बसला आहे तरी ती येणार, राजू येणार, मी तर आहेच. आणि आता ती जागा सोडताना आम्ही मोजत नाही. घरचं माणूस मान हलवेपर्यंत राजू थाप देत नाही. कोणी विचारलं ही रीत कधीपासूनची, तर मी सांगतो, पहिल्यापासूनची.

त्या दिवशी रोहिणखेडहून निघताना वंदनानं आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले होते. फाट्यावर बसची वाट पाहत उभे होतो. डांबर वितळून चपलेला लागत होतं. मिरेकच्या अंगात लाल-पिवळ्या फुलांचा शर्ट, पेटी पाठीवर, तोंड गुळानं भरलेलं. बस लांबून दिसली तेव्हा सुमननं पिशवी उचलली आणि राजूला म्हणाली, “पौर्णिमेले पांढरा सदरा घालून ये म्हना त्याले. हे असलं फुलाफुलाचं विहारासमोर चालत नाई.”

राजू हिंदीत सांगायला तोंड उघडतच होता.

“हाव,” मिरेक म्हणाला.